साठ की आठ?

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीनं मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली, एआयवर बोल. मुलांचं करिअर वगैरे सांग." मी हो म्हटलं आणि चार दिवस स्लाइड करायला बसले. एकही स्लाइड झाली नाही. एआयवर बोलणारे तुम्हाला रोज भेटतात. म्हणून मी आज तुम्हाला माझ्या गाडीतल्या स्पीकरची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. गेल्या दोन वर्षांत मी स्वतःच्या हातानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत काही शिकले असेन तर ते हेच. आणि ज्या बाईंनी मला ते शिकायची सवय लावली, त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

गोष्ट अप्पांपासून सुरू होते. माझे वडील मिरज जंक्शनला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. निवृत्तीनंतर ते एकटे इथेच राहतात. आई गेल्यापासून मी दर महिन्याला पुण्याहून येते आणि त्यांना आठ-दहा दिवसांसाठी घेऊन जाते. पाच तासांचा रस्ता. अप्पांना गाण्याचं वेड. सतारमेकरांच्या गल्लीच्या मागं आमचं घर, दर्ग्याच्या उरुसातली मैफल पहाटेपर्यंत ऐकायची आणि सकाळी ड्युटीवर जायचं, असा माणूस. म्हटलं, या पाच तासांत त्यांना चांगलं गाणं ऐकू येऊ दे. म्हणून मी गाडीत नवी सिस्टीम बसवून घेतली. पुढच्या दोन दारांत साडेसहा इंची स्पीकर, काचेजवळ छोटे ट्वीटर, डिक्कीत एक सबवूफर आणि चार चॅनलचा अँप्लिफायर.

दुकानात तो माणूस सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होता. नवरा इतिहासाचा प्राध्यापक. तो बिचारा मान डोलवत होता. शेवटी दुकानदारानं आवाज लावला, काचा थरथरल्या, आणि तो अभिमानानं म्हणाला, "सर, फुल्ल खोलून दिलंय."

पहिल्याच प्रवासात साताऱ्यापर्यंत अप्पा गप्प होते. मी विचारलं, "आवाज वाढवू का?" ते म्हणाले, "काय म्हणतायत ते कळत नाही." मी वाढवला. ते म्हणाले, "आता डोकं दुखतंय." मी कमी केला. "आता ऐकूच येत नाही." कराडच्या पुढं मी चिडले. म्हटलं, "अप्पा, दोष गाण्यात नाही, तुमच्या कानात आहे. किती दिवस सांगतेय, डॉक्टरांकडे चला." घरापर्यंत कोणी बोललं नाही. दारात उतरल्यावर ते म्हणाले, "पुढच्या वेळी मी एस्टीनं येईन."

त्यांना कमी ऐकू येतंय हे मला माहीत होतं. भाजीवाली "साठ" म्हणाली की हे आठ रुपये काढायचे. आम्ही घरात त्यावर हसायचो. ते हसणं किती वाईट होतं, हे मला नंतर कळलं.

तर त्या रविवारी पुण्याला परत आल्यावर मी डिक्की उघडली. मनात रागच होता, पण थोडी शंकाही होती. कारण खरं सांगायचं तर शब्द मलाही नीट कळत नव्हते. आवाज मोठा होता, पण गाणारा माणूस गोधडी पांघरून गातोय असं वाटायचं. अँपवर चार-पाच पेच होते. गेन, एचपीएफ, एलपीएफ, बास बूस्ट. माझी बीई कॉम्प्युटरमधली. इलेक्ट्रॉनिक्सचा एक पेपर होता, तो मी काठावर पास झाले होते. पण बाईंचं वाक्य आठवलं. प्रयोगवहीत आपण उत्तर आधी लिहून आकडे मागून भरायचो, तेव्हा बाई म्हणायच्या, "आधी मोज, मग बोल." मी अप्पांना न मोजताच बोलले होते.

मोजायला सुरुवात केली ती वायरपासून, आणि तिथंच माझे हातपाय गार पडले. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत जाडी लाल वायर जाते. तिच्यावर फ्यूज होता, पण तो डिक्कीत, अँपच्या शेजारी. आता फ्यूज कशासाठी असतो? अँपला स्वतःचा फ्यूज असतो. वायरवरचा फ्यूज हा वायरच्या रक्षणासाठी असतो. गाडीच्या पत्र्याला बॅटरीचं ऋण टोक जोडलेलं असतं, म्हणजे अख्खा पत्राच ऋण. लाल वायर कुठंही सोलवटून पत्र्याला टेकली, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि वायर काही क्षणांत पेट घेण्याइतकी तापते. फ्यूज दुसऱ्या टोकाला असेल तर त्याला याची खबरसुद्धा लागत नाही. म्हणून तो बॅटरीच्या जवळ, हातभर अंतराच्या आत हवा. माझ्या गाडीत ती चार-साडेचार मीटरची वायर बिनफ्यूजची होती. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातल्या भोकातून ती रबरी वायसर न घालता ओढली होती, आणि त्या जागी तिचं आवरण अर्धं कापलं गेलं होतं. तिथून ती गालिच्याखालून डाव्या सीटखाली जात होती. अप्पा बसतात ती सीट.

मी बॅटरीचं ऋण टोक सोडवलं आणि पायरीवर बसून राहिले. गाणं राहू दे बाजूला, पण आम्ही पाच तास कशावर बसून आलो होतो?

मग पुढचे चार रविवार मी त्या गाडीखाली, गाडीत आणि गाडीभोवती घालवले. काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या गाडीत अशी सिस्टीम असेल.

पहिलं काम वायर. माझा अँप सगळा मिळून २५० वॉटचा. त्याची कार्यक्षमता पाऊण धरली, तर बॅटरीकडून तो सुमारे ३३० वॉट मागतो. भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर. त्यासाठी ८ गेजची शुद्ध तांब्याची नवी वायर घेतली. आधीची तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघाली. ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ बसवला आणि भोकात रबरी वायसर घातला. अर्थिंगची वायर रंगावरच बोल्टनं आवळली होती. रंग वीज वाहून नेत नाही. पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा होईपर्यंत घासला आणि मग आवळली. गाडी जोरात पळवली की मागून एक किरटा "उंऽऽ" यायचा, तो त्या दिवशी गेला.

दुसरं काम, स्पीकरची दिशा. प्रत्येक स्पीकरला धन आणि ऋण टोक असतं. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावला, धनाला धन, की पडदा बाहेर सरकायला हवा. उजव्या दाराचा बाहेर आला. डाव्या दाराचा आत गेला! म्हणजे एक हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. त्यामुळे खालचे सूर एकमेकांना मारत होते.

इथं मला सगळी साखळी उलगडली. एक स्पीकर उलटा, म्हणून बास कमी. बास कमी, म्हणून दुकानदारानं बास बूस्ट पूर्ण वाढवला. माझ्या अँपवर तो १२ डेसिबल आहे, म्हणजे त्या सुरांना सोळापट ताकद. त्यात बाकीचं दबलं, म्हणून गेन पूर्ण वाढवला. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. मुळातली एक चूक सापडत नाही, म्हणून वर चार दुरुस्त्या चढवतो.

तिसरं काम क्रॉसओव्हर. शब्द मोठा आहे, काम सोपं आहे. कुठला सूर कुणी वाजवायचा याची वाटणी. मिरजेच्या माणसाला हे सप्तकात सांगितलं की झालं. मध्य सा २४० हर्ट्झ धरला, तर तार सा ४८० आणि मंद्र सा १२०. दर सप्तकाला दुप्पट किंवा निम्मे. आता गंमत अशी, की तेवढाच आवाज एक सप्तक खाली वाजवायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. ८० वरून ४० हर्ट्झला आलात की चौपट. दारातला साडेसहा इंची स्पीकर ते करू शकत नाही. तो धडपडतो, आणि त्या धडपडीत त्याच पडद्यावरून येणारा गळाही खराब होतो. मोठ्ठा सबवूफर मागं असतो तो याच कामासाठी.

माझ्या अँपवर दोन्ही गाळण्या बंद होत्या. सगळे सगळं वाजवत होते. दारांना मी हाय पास लावला ८० हर्ट्झवर, म्हणजे त्याच्या वरचं तुम्ही वाजवा. सबवूफरला लो पास ८० वर, म्हणजे खालचं तू वाजव. ही भिंत नसते, उतार असतो. माझ्या अँपचा उतार सप्तकाला १२ डेसिबल. म्हणजे ४० हर्ट्झला दाराच्या स्पीकरकडे साधारण सोळावा हिस्सा ताकद पोचते. ट्वीटरची वाटणी अँपच्या पुढं, तारेबरोबर येणाऱ्या छोट्या डबीत होते. आत कपॅसिटर आणि कॉइल. अगदी साधी डबी असेल तर नुसता कपॅसिटर. ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा लावला की साधारण ४००० हर्ट्झच्या खालचं अडतं. भागिले दोन पाय एफ आर, बारावीचं सूत्र. तेव्हा मी विचारलं होतं, हे आयुष्यात कुठं लागणार? बाई, लागलं.

या वाटणीत एक बारकावा आहे. सीमेवरचे सूर दोघंही वाजवतात. तिथं दोघांची बेरीज नीट झाली पाहिजे. १९७६ साली सिगफ्रीड लिंक्विट्झ नावाच्या इंजिनिअरनं यावर निबंध लिहिला. ते आणि त्यांचे सहकारी रस रायली हे ह्युलेट पॅकार्डमध्ये मोजमापाची यंत्रं बनवायचे. त्यांनी मांडलेल्या क्रॉसओव्हरमध्ये सीमेवर दोघंही ६ डेसिबल खाली येतात, म्हणजे प्रत्येकाचा दाब निम्मा, आणि बेरीज बरोबर एक. दोन भावांनी बांधावरची जमीन अशी वाटली असती तर आपल्या तालुक्यातले किती खटले मिटले असते!

चौथं आणि सगळ्यात गैरसमजाचं काम म्हणजे गेन. सगळ्यांना वाटतं गेन म्हणजे आवाज. तसं नाही. पुढचा प्लेअर किती व्होल्टचा सिग्नल देतो, हे अँपला सांगायचा तो पेच. माझा प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो. दुकानदारानं पेच ०.२ वर ठेवला होता. म्हणजे अँप दहाव्या हिश्श्यातच धापा टाकायला लागायचा. त्यापुढं आवाज वाढवला की लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. त्याला क्लिपिंग म्हणतात. शेंडे कापलेली लाट कर्कश लागते, स्पीकरला जास्त तापवते, आणि पहिला बळी बहुधा ट्वीटर जातो.

तो लावायचा कसा? माझ्याकडे ऑसिलोस्कोप नव्हता, साधा मल्टीमीटर होता. व्होल्ट म्हणजे वॉट गुणिले ओहमचं वर्गमूळ. दारांच्या चॅनलला ५० वॉट, ४ ओहम, गुणाकार २००, वर्गमूळ १४.१. सबवूफरला दोन चॅनल जोडून १५० वॉट, ४ ओहम, वर्गमूळ २४.५. स्पीकरच्या तारा सोडवल्या. बास बूस्ट शून्य, प्लेअरचं इक्वलायझर सपाट, मोजण्यापुरते क्रॉसओव्हर बंद. पूर्ण पातळीचा सलग सूर लावला, प्लेअरचा आवाज ४० पैकी ३० वर नेला, गेन तळापासून हळूहळू वाढवला आणि मीटरवर १४ दिसताच थांबले. दारांसाठी सहसा १००० हर्ट्झचा सूर घ्या म्हणतात. पण माझा स्वस्तातला मीटर ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचा, त्याच्या कागदावरच तसं लिहिलंय. म्हणून मी २०० चा घेतला, सबवूफरला ५० चा. हे आकडे वरची मर्यादा आहेत, तिथंच वाजवायचं असा हुकूम नाही. सबवूफर तर मी कानानं ऐकत ऐकत त्याच्या खूप खाली आणला. आणि मीटरला शेंडे कापलेले दिसत नाहीत, म्हणून शेवटी गाणं लावून मी स्वतः डोळे मिटून बसले.

पहिल्यांदा गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला. आवाज दुकानातल्यापेक्षा कमी होता, पण प्रत्येक शब्द कळत होता.

पुढच्या महिन्यात अप्पांना म्हटलं, एकदाच बसा, नाही आवडलं तर स्वारगेटला सोडते. सांगलीच्या बाहेर पडल्यावर त्यांनी मान हलवली. "तंबोऱ्याची जवारी कळतेय." मी खूश. पण कराड गेल्यावर ते म्हणाले, "यंत्रात आता दोष नाही ना?" मी म्हटलं, "नाही. मोजलंय." ते थोडा वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "मग मला स, श, फ ऐकू येत नाहीयेत. सगळं गाणं येतंय, तेवढंच गळतंय. म्हणजे दोष या टोकाला आहे."

चाळीस वर्षं सिग्नल खात्यातला माणूस. एकेक भाग तपासून बाजूला ठेवायचा, उरेल तो नादुरुस्त, ही त्यांची सवय. इतके दिवस यंत्र खराब होतं, म्हणून त्यांना यंत्राला दोष द्यायला जागा होती. आणि मी न मोजता कानाला दोष देत होते. दोघंही अर्धे बरोबर होतो. त्या आठवड्यात ते स्वतःहून तपासणीला आले.

तिथल्या ताईंनी ऑडिओग्राम काढला. २००० हर्ट्झपर्यंत रेषा बरी, पुढं उतार लागलेला. वयानं कान जातो तो बहुधा असाच, वरून. "साठ" मधला स त्या वरच्या भागात राहतो. तो गळला की उरतं "आठ". आणि खालचा आवाज फार मोठा असला की तो वरच्याला आणखी झाकतो. म्हणून नुसतं ओरडून उपयोग नसतो. अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र सहन होत नाही. साताऱ्याजवळ "ऐकू येत नाही" आणि "डोकं दुखतंय" हे दोन्ही खरं होतं. ते हट्ट करत नव्हते.

मग ताईंनी श्रवणयंत्र कॉम्प्युटरला जोडलं, आणि पडद्यावर मी काय बघितलं? सूर वेगवेगळ्या पट्ट्यांत वाटलेले. प्रत्येक पट्टीला वेगळा गेन. खालच्या पट्ट्यांना जवळजवळ काही नाही, वरच्यांना जास्त. मोठा आवाज आला तर आपोआप आवरता. मी डिक्कीत बसून जे केलं, तेच त्या अप्पांच्या कानामागं, बोराएवढ्या यंत्रात करत होत्या. त्यांनीही एकदम सगळं वाढवलं नाही. म्हणाल्या, "काका, दोन आठवड्यांनी या, थोडं थोडं वाढवू."

चमत्कार झाला असं नाही. गर्दीत त्यांना अजून त्रास होतो. लग्नाच्या हॉलमध्ये ते यंत्र काढून खिशात ठेवतात. पण भाजीवालीला साठ रुपये देतात, आणि आम्ही आता त्यावर हसत नाही.

आता आपल्याबद्दल. आपण सगळे चाळिशी ओलांडलेले. हेडफोन लावून मीटिंगा करतो, मिरवणुकीत भिंतींसारख्या स्पीकरपुढं नाचतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, की मोठ्या माणसानं ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास ऐकलं तर चालतं, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. दहा डेसिबल म्हणजे दहापट ताकद, म्हणून वेळही दहावा हिस्सा. चष्म्याचा नंबर आपण दर वर्षी काढतो. कानाचा एकदा काढून या. घरात कोणी टीव्ही मोठा लावत असेल तर ओरडण्याआधी त्यांना घेऊन जा.

शेवटची एक विनंती. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला साउंड सिस्टीम द्यायची असं ठरतंय. सकाळी हा माइक तीनदा शिट्टी मारून गेला, तेव्हा गरज आहे हे मान्य. फक्त जास्तीत जास्त वॉटची घेऊ नका. बेताची घ्या, आणि उरलेल्या पैशांत प्रयोगशाळेसाठी वीस मल्टीमीटर घ्या. सिस्टीम लावायला मी एक रविवार येईन. आठवी-नववीच्या मुला-मुलींना बरोबर घेऊ. फ्यूज कुठं बसवायचा आणि गेन कुठं थांबवायचा, ते त्यांनीच मोजावं.

अप्पा आज मागच्या रांगेत बसले आहेत. मी मुद्दाम माइकपासून थोडी लांब राहून बोलले. अप्पा, सगळे स ऐकू आले का?

(मागच्या रांगेतून हात वर झाला.)